बालमूत्रपिंडविकारांतील अवटुविकार

मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात लहान मुलांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, कार्य अनेकदा मंदावलेले आढळते. याचे ठळक उदाहरण म्हणजे नेफ्रोटिक सिंड्रोम. त्यात मूळ बिघाड ग्रंथीत नसून मूत्रपिंडाच्या गाळणीत असतो आणि उपचाराची दिशाही त्यावरूनच ठरते.

रक्तातील थायरॉक्सिन या संप्रेरकाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांशी बद्ध असतो. पेशींवर कार्य करतो तो उरलेला मुक्त अंश. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये गाळणी सैल पडल्याने सकाळी पापण्या सुजतात, लघवीला फेस येतो आणि अल्ब्युमिनबरोबरच थायरॉक्सिन वाहून नेणारे ग्लोब्युलिन व त्याला जोडलेले संप्रेरकही लघवीवाटे निघून जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे उत्तेजक संप्रेरक अधिक स्रवते. त्यामुळे एकूण थायरॉक्सिन कमी, मुक्त थायरॉक्सिन बहुधा प्रकृत आणि टीएसएच थोडे वाढलेले असते. आजार उसळलेला असताना काढलेल्या अशा एकाच अहवालावरून मुलाला जन्मभराचा थायरॉइडरुग्ण ठरवणे चुकीचे होय.

बहुसंख्य मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडते. भारतात पहिल्या उपचारात ते सहा आठवडे रोज, दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, आणि पुढील सहा आठवडे दिवसाआड १.५ मिलिग्रॅम देतात. प्रथिनगळती थांबली की अवटूचे आकडे सहसा आपोआप सुधारतात. ग्वाल्हेरमध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९४६) संलग्न कमलाराजा रुग्णालयात बालरुग्णांची सोय आहे. परंतु भिंड-मुरैनाकडील खेड्यांतून वारंवार येणे कुटुंबांना जड जाते, म्हणून पालकांनी घरीच रोज सकाळची लघवी पट्टीने तपासून वहीत नोंद ठेवणे फार मोलाचे ठरते. सलग तीन दिवस प्रथिने ‘तीन अधिक’ वा त्याहून जास्त आढळल्यास आजार उलटला असे धरतात.

स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांत गळती चालूच राहते. त्यांची टीएसएच व मुक्त थायरॉक्सिन ही तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. मुक्त थायरॉक्सिन घटले किंवा टीएसएच सतत बरेच चढे राहिले, तर लेव्होथायरॉक्सिन सुरू करतात. जन्मापासूनच्या किंवा पहिल्या तीन महिन्यांत दिसणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मात्र थांबून पाहण्याची मुभा नसते, कारण आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते.

मूत्रपिंड निकामी होत आल्यास आयोडीन बाहेर टाकण्याची क्षमताही घटते आणि साचलेल्या आयोडीनमुळे अवटू मंदावू शकते. पोटाच्या डायलिसिसवरील तान्ह्या बाळांत पोव्हिडोन-आयोडीनच्या वापरानेही अवटू मंदावू शकते. सिस्टिनोसिस या आनुवंशिक रोगात सिस्टीनचे स्फटिक मूत्रपिंडाबरोबर अवटूतही साचतात. येथे ग्रंथीच खरोखर बिघडते व लेव्होथायरॉक्सिनची गोळी कायमची लागते. ती बाळासाठी कुस्करून चमचाभर पाण्यात, उपाशीपोटी द्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिली जाणारी कॅल्शियम व लोहाची औषधे तिचे शोषण रोखतात, म्हणून त्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवतात.