भाताच्या मुलखातील चूल

भिलाईत पोलादाची भट्टी पेटण्यापूर्वी तेथे पेटत होत्या त्या केवळ घरोघरच्या चुली. रायपूर आणि दुर्ग यांच्यामधला हा प्रदेश मुळात भाताच्या खाचरांचा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपूरवर चालून गेल्या आणि पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार केला. त्या काळापासून मराठी कुटुंबे या मुलखात वस्तीला आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भिलाई आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होती. राज्यकर्ते बदलत गेले. परंतु सामान्य माणसाचे आरोग्य ज्यावर अवलंबून होते, तो इतिहास स्वयंपाकघरात घडत होता.

या मुलखाचे मुख्य अन्न भात. कापणीनंतर घरोघरी काही धान तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग ढेकीत कांडले जाई. उकडताना टरफलाजवळचे जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि कांडताना सगळे कोंड्याबरोबर निघून जात नाही. सडीक, पांढऱ्याशुभ्र तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरीचा रोग होतो. उकड्या तांदळाने तो टळतो. याचे शास्त्रीय कारण विसाव्या शतकात कळले. त्याआधी कितीतरी पिढ्या येथली गृहिणी धान उकडत आली होती. १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तेव्हा त्याने याच जुन्या वहिवाटीच्या बाजूने कौल दिला.

शिजलेला भातही येथे वाया जात नसे. पाण्यात घालून त्याच दिवशी खाल्ला तर तो ‘बोरे’, रात्रभर भिजवून सकाळी खाल्ला तर ‘बासी’. वैशाखाच्या उन्हात शेतावर निघालेल्या माणसाला त्या आंबूस भाताने आणि त्यातल्या पाण्याने गारवा मिळे. तोंडी लावायला कांदा, मीठ, मिरची एवढे पुरे.

भाताला जोड होती ती भाजीची. ‘छत्तीसगडच्या छत्तीस भाज्या’ ही म्हण या मुलखात प्रसिद्ध आहे. आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण तिच्यामागची समृद्धी खरी आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर बांधावर उगवणारा टाकळा येथे ‘चरोटा’ होतो, अंबाडी ‘अमारी’ होते, शेवगा ‘मुनगा’ होतो. हिवाळ्यात लाल भाजी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला येतो. जास्तीची भाजी वाळवून ‘सुक्सी’ म्हणून ठेवायची, कोहळ्याच्या बड्या घालायच्या आणि उन्हाळ्याचे रिकामे दिवस त्यावर काढायचे, असा हा वर्षाचा हिशेब. श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे तेथल्या कमरछठीला, नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नाही असा स्त्रियांचा नेम आहे. त्या दिवशी आपोआप उगवलेला ‘पसहर’ तांदूळ आणि सहा प्रकारच्या भाज्या शिजतात. रानात उगवणाऱ्या अन्नाची ओळख या व्रताने पिढ्यान्‌पिढ्या टिकवली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, जे घरचे, ऋतूतले आणि अखंड, ते सारे हितकारकच. याच मुलखाचा इतिहास त्याला दुसरी बाजू दाखवतो.

भात कापणीला येण्यापूर्वीच उभ्या पिकात लाखेचे बी फेकायचे, या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही. मातीतल्या ओलीवर पीक येते. पूर्व विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, तीच छत्तीसगडातली ‘तिवरा’. तिचा कोवळा पाला भाजीला चालतो, दाण्याची डाळ होते आणि प्रथिनेही भरपूर मिळतात. दुष्काळात सारे बुडाले तरी लाख तगते. आणि धोका नेमका तेथेच असतो. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली गेली तर धडधाकट माणसाचे पाय लुळे पडतात, आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. सागर भागात १८२९ पासून तीन वर्षे पिके बुडाल्यावर लोक लाखेवर जगले आणि १८३३ च्या सुमारास तरुण माणसे पांगळी होऊ लागली, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आहे. १८९६ ते १९०२ या काळात मध्य प्रांतात पसरलेल्या याच रोगाचा अहवाल डॉ. ब्युकॅनन यांनी तयार केला.

हे विष कोणते, ते १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी शोधून काढले. डाळ भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले, तर विषाचा बराच अंश जातो. आणि भात, भाजी, इतर डाळी यांच्या जोडीने ती थोडी खाल्ली तर सहसा अपाय होत नाही. पण दुष्काळात ना पाणी असते, ना दुसरे धान्य. म्हणजे पांगळेपण केवळ दाण्यातून आले नाही. ताटात दुसरे काही नसल्यामुळे आले. १९६१ मध्ये केंद्र सरकारने लाखेच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, तरी छत्तीसगडात तिची पेरणी थांबली नाही. गरिबाला दुसरे पीक दिल्यावाचून त्याचे पहिले पीक काढून घेता येत नाही. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवरा’ हे कमी विषाचे वाण काढले. तो मार्ग अधिक शहाणपणाचा होता.

दरम्यान भिलाईचे रूप पालटले होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. पगारावर शिधा विकत घेणाऱ्या कुटुंबाला दुष्काळाची धास्ती उरली नाही, हा लाभ लहान नव्हे. परंतु बांधावरचा चरोटा आणि घरची ढेकी वसाहतीतल्या घरात येऊ शकत नव्हती. तेथे गिरणीचा पांढरा तांदूळ आला.

१ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि कष्टकऱ्याच्या शिळ्या भाताला मानाचे पान मिळाले. ते योग्यच झाले. मात्र त्या भाताचा गौरव करताना शेजारची भाजी विसरता कामा नये, आणि लाखेने पांगळी झालेली माणसेही विसरता कामा नयेत. उकड्या तांदळाचे शहाणपण आणि लाखेची शोकांतिका एकाच चुलीवर शिजली. कोणतेही एक धान्य माणसाला तारत नाही. ताटातली विविधता, शिजवण्याची रीत आणि ती सांभाळण्याइतकी घरची ऐपत, ही तिन्ही मिळून तारतात.