भूस्थानिक विदा-रूपांतरण : सातारा व सांगली

एका संगणकीय साच्यातील आणि मापनपद्धतीतील नकाशा दुसऱ्यात नेण्याची प्रक्रिया. जीडीएएल, प्रोज व क्यूजीआयएस या मुक्त आज्ञावली आणि कॅनडातील सेफ सॉफ्टवेअर कंपनीची एफएमई ही त्यासाठीच्या आज्ञावलींतली परिचित नावे. फाइलीचा साचा बदलणे हेच त्यांचे काम समजले जाते; कृष्णाकाठी मात्र तो सर्वांत सोपा भाग ठरतो. कोयना धरण साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात, आणि त्याचे पाणी कराडच्या संगमावरून सांगलीत उतरते. म्हणून पुराचा नकाशा दोन्ही जिल्ह्यांची विदा जुळवूनच काढावा लागतो. दोन्ही जिल्हे यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या 43 उत्तर या एकाच पट्ट्यात येतात, एवढीच काय ती सोय. जुने सर्वेक्षण-नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर), 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर, आणि गावचे जुने नकाशे अक्षांश-रेखांशांविना, 33 फुटी साखळीने मोजलेले. खरी गल्लत उंचीत होते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. हे फूट मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. उपग्रहाधारित उपकरण देते ती उंची लंबगोलापासूनची, आणि या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा 60 मीटरांहून अधिक कमी भरते. 57 फूट म्हणजे साडेसतरा मीटरसुद्धा नव्हेत. या फरकाची दुरुस्ती राहिली तर पुराचे सारे गणितच निरर्थक होते.

म्हणूनच 2019 च्या प्रोज 6 मधला बदल साच्यांच्या लांबत्या यादीहून मोलाचा आहे. रूपांतराचे पर्याय कोणत्या प्रदेशात लागू आहेत आणि त्यांची अचूकता किती मीटरांची आहे, हे आता आज्ञावलीच सांगते. ड्रोनने नवी मोजणी होत असताना जुन्या नकाशांचा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण ड्रोन-मोजणीची 2020 ची स्वामित्व योजना गावठाणापुरती आहे. शेताची हद्द आजही टिपण, गुणाकार बुक आणि एकत्रीकरणाच्या अभिलेखांवरून ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : गावनकाशा जागेवरच्या खुणांना ताणून बसवला की गटाचे क्षेत्र सातबाऱ्याशी जुळेनासे होते. हे खरेच आहे, मात्र दोष ताणण्याचा कमी आणि उरलेली त्रुटी न नोंदवण्याचा जास्त. त्रुटी पाच मीटरांची असेल आणि गट निळ्या पूररेषेपासून (नदीलगतच्या बांधकाम-निषिद्ध पट्ट्याच्या हद्दीपासून) तीन मीटरांवर, तर तो आत की बाहेर हे कोणताही रूपांतरित नकाशा सांगू शकत नाही. तेथे भूकरमापकाने जागेवर जाऊन केलेली मोजणीच लागते.