मृत्यूनंतरची दीक्षा

डिसेंबर २०१५मध्ये ॲमेझॉनच्या जपानी संकेतस्थळावर पुस्तकांच्या जोडीला बौद्ध पुरोहितही मिळू लागला. स्मरणविधीसाठी घरी येऊन सूत्रपठण करण्याचा दर सुमारे ३५,००० येन. अखिल जपान बौद्ध महासंघाने आक्षेप घेतला : पुरोहिताला मिळते ते दान, मोबदला नव्हे. २०१९मध्ये ही सोय ॲमेझॉनवरून गेली. महासंघाचे म्हणणे मला तत्त्वतः पटते. इतिहासात मात्र ते फारसे टिकत नाही.

सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्म उखडून काढण्यासाठी तोकुगावा राजवटीने प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिराशी बांधून टाकले. शिमाबाराच्या उठावानंतर (१६३७-३८) ही सक्ती आणखी आवळली गेली. ‘हे घर ख्रिस्ती नाही’ असा दाखला पुरोहित देई. अशा घराण्याला ‘दान्का’ म्हणतात. त्यातला ‘दान’ मूळचा संस्कृतच. पण नाकारताच येत नाही, ते दान कसले? दाखला हवा, तर अंत्यविधी आणि पुढची श्राद्धेही त्याच मंदिराकडून करवून घ्यावी लागत.

विधीचा गाभा मात्र विलक्षण आहे. साधना अपुरी ठेवून वारलेल्या भिक्षूसाठी झेन मठांत जो विधी होता, तोच पुढे गृहस्थांना लागू झाला. पुरोहित मृताला दीक्षा देतो आणि ‘काइम्यो’ हे नवे धर्मनाम ठेवतो. जन्मभर तराजू धरलेला दुकानदार दहनाला जाताना भिक्षू झालेला असतो! या नावांनाही दर्जे आहेत, आणि दर्जाप्रमाणे ‘दान’ चढत जाते.

१८७२मध्ये मेइजी सरकारने पुरोहितांना विवाहाची व मांसाहाराची मोकळीक दिली. मंदिर बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. युद्धोत्तर काळात माणसे शहरांत गेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उरकायचे अंत्यविधीचे काम व्यावसायिक कंपन्यांकडे गेले आणि यजमानपण मिरवणारा पुरोहित त्यांच्या वेळापत्रकातला पाहुणा झाला. इतामी जूझो यांच्या १९८४च्या ‘ओसोशिकी’ चित्रपटातले जोडपे तर दुखवट्याचे शिष्टाचार व्हिडिओ कॅसेटवरून शिकते. आता ‘चोकुसो’ची भर पडली आहे : ना सूत्रपठण, ना पुरोहित, शव थेट दहनगृहात.

म्हणूनच त्या ३५,००० येनांकडे मी निव्वळ बाजारूपणा म्हणून पाहत नाही. पुरोहित मागवणाऱ्यांत गावचे मंदिर सुटलेली, एकाही पुरोहिताला न ओळखणारी शहरी माणसे होती. आणि नाव नोंदवणाऱ्या पुरोहितांत, दान्का घटल्यामुळे ज्यांच्या मंदिराचा खर्च भागेना, असेही होते.