उष्णता आणि कार्य यांचा हिशेब : एका रूपांतरांकाचा इतिहास

उष्णता आणि शक्ती यांच्या एककांचे परस्पर रूपांतर हा आज पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टातील कोष्टकाचा विषय मानला जातो. १ ब्रिटिश औष्णिक एकक म्हणजे २५२ कॅलरी, १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट, १ किलोवॉट-तास म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी, असे आकडे तेथे एकाखाली एक मांडलेले असतात. वरवर पाहता हे सर्व आकडे एकाच जातीचे वाटतात. मात्र त्यांचा इतिहास तपासला असता दोन भिन्न प्रकार स्पष्ट होतात : काही आकडे केवळ मानवी संकेतांतून निर्माण झाले, तर काही दीर्घ प्रयोगांनंतर निसर्गाकडून मिळवावे लागले.

एककांची ही दोन घराणी प्रारंभी परस्परांना अपरिचित होती. अश्वशक्तीचा जन्म व्यापारी गरजेतून झाला. घोड्यांवर चालणारी यंत्रे वापरणाऱ्या उद्योजकांना वाफेच्या यंत्राची क्षमता समजावी म्हणून जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिनिटास ३३,००० फूट-पौंड हे मान ठरविले. दुसरीकडे, उष्णता हे वजनरहित द्रव्य आहे अशी समजूत होती. लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात 'कॅलरिक'ची गणना मूलद्रव्यांत केली होती. निकोला क्लेमाँ याने १८२० च्या सुमारास पॅरिसमधील व्याख्यानांत वापरलेली कॅलरी ही एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविणारी उष्णता होती. इंग्लंडमध्ये हेच मोजमाप पौंड आणि फॅरनहाइट यांच्या आधारे होत असे. कॅलरी व ब्रिटिश एकक यांचे गुणोत्तर पाण्याच्या वजनावरून आणि तापमापकाच्या अंशांवरून कागदावरच काढता येत होते. फूट-पौंड आणि कॅलरी यांच्यात मात्र असा कोणताही पूल नव्हता. कारण द्रव्य आणि कार्य यांचा विनिमय संभवतच नव्हता.

या समजुतीला पहिला मोठा तडा १७९८ मध्ये गेला. म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफांना छिद्र पाडताना बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याने बोथट हत्याराच्या घर्षणाने पाणी उकळून दाखविले. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता निघतच राहते, तेव्हा ती द्रव्य असू शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष होय. तथापि, किती कार्याची किती उष्णता होते, हा प्रश्न चाळीसहून अधिक वर्षे अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर दोन अनपेक्षित ठिकाणांहून आले. युलिउस रोबेर्ट मायर हा जर्मन वैद्य डच जहाजावरून १८४० मध्ये जावा बेटावर गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांच्या नीलांमधील रक्त अधिक लाल असल्याचे पाहून तो शरीरातील उष्णता व श्रम यांच्या संबंधाचा विचार करू लागला. १८४२ च्या निबंधात त्याने असे मांडले की, ३६५ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वजनाचे कार्य तेवढ्याच वजनाच्या पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविते. आजच्या मापनानुसार ही उंची सुमारे ४२७ मीटर आहे. मायरची पद्धत योग्य होती. त्याला उपलब्ध असलेली वायूंच्या विशिष्ट उष्णतेची मापे सदोष होती.

दुसरे नाव सॅलफर्डच्या मद्यनिर्मात्या कुटुंबातील जेम्स प्रेस्कॉट जूल याचे. त्याने १८४३ पासून विद्युत्, दाबलेली हवा आणि पाण्यात फिरणारी वल्ही अशा निरनिराळ्या मार्गांनी तोच आकडा पुनःपुन्हा मोजला. तापमानातील वाढ फॅरनहाइटच्या एका अंशाहूनही कमी असे. त्यामुळे अनेकांचा विश्वास बसत नव्हता. १८४७ च्या ऑक्सफर्ड येथील सभेत तरुण विल्यम टॉम्सनचे लक्ष वेधले गेल्यावर परिस्थिती पालटली. जूलने १८५० मध्ये ७७२ फूट-पौंड हा आकडा प्रसिद्ध केला. आधुनिक मूल्य सुमारे ७७८ आहे. पुढे अग्रक्रमावरून मोठा वाद झाला. मायर दीर्घकाळ उपेक्षित राहिला. कॉप्ली पदक जूलला १८७० मध्ये आणि मायरला १८७१ मध्ये मिळाले.

यानंतरचे वळण अधिक उद्बोधक आहे. बॉल्टिमोर येथे हेन्री रोलंडने १८७९ मध्ये दाखविले की, पाण्याची विशिष्ट उष्णता तापमानानुसार बदलते. परिणामी कॅलरी एक न राहता अनेक झाल्या. अखेर १९४८ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेसाठीही जूल हेच एकक स्वीकारले. ज्या अंकासाठी जूलने आयुष्य वेचले, तो अंक त्यामुळे निसर्गनियमाचा स्थिरांक उरला नाही. तो पाण्याच्या विशिष्ट उष्णतेचे मूल्य ठरला. उष्णता आणि कार्य एकाच ऊर्जेची रूपे आहेत, हे एकदा मान्य झाल्यावर त्यांच्यातील विनिमय दराची गरजच संपली.

व्यवहारात मात्र जुनी एकके टिकून आहेत. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली, तरी वातानुकूलन यंत्राची क्षमता आजही 'टना'त सांगितली जाते. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविणारी उष्णता, म्हणजे तासाला १२,००० ब्रिटिश एकके किंवा सुमारे ३.५ किलोवॉट, हे त्याचे मूळ. हा आकडा काढून टाकलेल्या उष्णतेचा आहे, यंत्राने घेतलेल्या विजेचा नव्हे. दोन्ही एकाच एककात मांडल्यावर हा भेद सहज निसटतो. औष्णिक वीजकेंद्रांची कार्यक्षमताही प्रत्येक युनिटमागे लागणाऱ्या किलोकॅलरींत मोजली जाते. २,५०० किलोकॅलरींतून ८६० किलोकॅलरींइतकी वीज मिळाली, तर कार्यक्षमता सुमारे ३४ टक्के येते. उरलेली सर्व उष्णता यंत्राच्या दोषाने वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. कार्याची संपूर्ण उष्णता होऊ शकते. चक्राकार चालणाऱ्या यंत्रात उष्णतेचे संपूर्ण कार्य होऊ शकत नाही, हे क्लाउझिउस आणि विल्यम टॉम्सन यांनी १८५०-५१ मध्ये स्पष्ट केले होते. कोष्टकातील समानतेचे चिन्ह ही दिशा दाखवीत नाही. म्हणून रूपांतराचा अंक वापरताना त्यामागील इतिहास जाणणे हा त्या हिशेबाचाच एक भाग ठरतो.