नऊ विजय आणि एक नकार : १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को संघ

'आम्ही जात मानत नाही' असे म्हणणारे मित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. पण जात न मानण्याची किंमत त्यांनी कधी मोजली का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील एका कॉलेज संघाचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचायलाच हवा.

हा खेळ आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिक लोकशाहीसाठी लढले, पण घरी परतल्यावर दक्षिणेतल्या राज्यांत शाळा, बस, हॉटेल सगळे वेगळेच होते. मैदानही त्याला अपवाद नव्हते. उत्तरेकडचे संघ दक्षिणेत खेळायला जाताना आपले कृष्णवर्णीय खेळाडू मुकाट्याने घरी ठेवत. याला 'सभ्य माणसांचा करार' म्हणत! अन्यायाला सभ्यतेचा सदरा घालण्याची कला फक्त आपल्याच देशात नाही.

१९५१ साली प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. ऑली मॅटसनने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली. त्या हंगामात देशात ती सर्वाधिक होती. बचावफळीत बर्ल टोलर होता. संघात कृष्णवर्णीय हे दोघेच.

हंगामानंतर निवडक संघांना 'बाउल' सामन्यांचे निमंत्रण मिळते. त्यात प्रतिष्ठा असते आणि पैसाही. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता, त्यामुळे हे निमंत्रण म्हणजे संघाचा श्वास होता. दक्षिणेतून संकेत आला : मॅटसन आणि टोलर यांना वगळा, मग बघू. गोऱ्या खेळाडूंनी एका आवाजात सांगितले : दोघांशिवाय आम्ही येणार नाही.

निमंत्रण आले नाही. कारण काय सांगितले गेले? तुमचे प्रतिस्पर्धी दुबळे होते! म्हणजे प्रश्न वर्णाचा नाही, मेरिटचा. मित्रांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? मुलाखतीत 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांची भाषा हीच असते. त्या मेरिटचे उत्तर इतिहासाने दिले. या एका संघातले नऊ खेळाडू व्यावसायिक एनएफएलमध्ये गेले. मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये दोन पदके जिंकली. टोलर १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाला.

आणि संघ? त्या हंगामानंतर विद्यापीठाने तो बंद केला. नकाराची किंमत खरी होती.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना लिहिलेल्या पत्रात मांडले होते. मग मैदानावरची तुलनाही करूया. आपले बाळू पालवणकर. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर संघ जिंकायचे, पण चहा त्यांना वेगळ्या भांड्यात, मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळले गेले, तेव्हा निषेध म्हणून संघातून बाहेर पडले ते त्यांचेच भाऊ, शिवराम आणि विठ्ठल. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, तेही दीर्घ संघर्षानंतर.

फरक इथेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ज्यांचे काहीच अडले नव्हते ते थांबले. इथे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्याच घरातल्यांना लढावे लागले.

म्हणून त्या गोऱ्या खेळाडूंना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. त्यांनी उपकार केले नाहीत, अन्यायातला आपला वाटा नाकारला. मॅटसन आणि टोलर यांनी आपली जागा स्वतःच्या घामाने मिळवली होती. पण मैत्रीचे माप मात्र या संघाने घालून दिले आहे. तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र केवळ जातीमुळे वगळला जात असेल, तर तुम्ही स्वतःची जागा सोडाल का? पुरोगामी मित्रांना हा प्रश्न विचारा. आणि आपल्यापेक्षाही मागे राहिलेल्या भावंडांसाठी आपण काय सोडतो, हे स्वतःलाही विचारा.

जय भीम!