बिब्बा: रसायन, शाई आणि विष

मराठी घरांत बिब्बा हल्ली औषधापेक्षा वाक्प्रचारातूनच अधिक भेटतो. मात्र ज्याला तो एकदा उतला, म्हणजे त्याच्या तेलाने ज्याच्या अंगावर फोड उठले, त्याला चालत्या कामात बिब्बा घालणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. संस्कृत वैद्यकातील भल्लातक तो हाच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याची गणना रसायनांत, म्हणजे बळ व आयुष्य वाढवणाऱ्या योगांत, केलेली असून, दहा फळांपासून आरंभ करून रोज एकेक वाढवत तिसापर्यंत जायचे आणि त्याच क्रमाने खाली उतरायचे, असा एक विधी तेथे दिला आहे. मात्रेची ही सावध चढउतार विषाची पुरती ओळख असलेल्या वैद्यांनीच बांधलेली दिसते.

त्याहून महत्त्वाचे त्याचे शोधन, म्हणजे वापरापूर्वी दाहकता काढण्याची क्रिया होय. पाण्यात बुडणारी पक्व फळे निवडून, देठाकडची टोपी छाटून, ती विटेच्या भुकटीत घोळवून ठेवत. भुकटी तेल पिऊन काळसर झाली की फळे गरम पाण्याने धुवून घेत.

चुन्याबरोबर हेच तेल कापडावर धुऊनही न निघणारा काळा डाग पाडते, म्हणून परिटांच्या खुणांसाठी ते शतकानुशतके वापरले गेले. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथात या फळावर स्वतंत्र संवाद आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर पुरळ उठले, तेव्हा त्याचा माग गणवेशाच्या कॉलरवरील परिटाच्या खुणेपर्यंत लागला.

दाहाचे कारण असलेली तेलातील द्रव्ये कॅटेकॉल वर्गातील आहेत. या वर्गातील रेणू हायड्रोजन सहज सोडून देतात आणि ऑक्सिडीकरण रोखतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच या जांभळ्या द्रावणाचा रंग किती फिका पडतो यावरून ही क्षमता मोजता येते. परंतु हेच रेणू स्वतः ऑक्सिडीकृत होऊन त्वचेतील प्रथिनांना चिकटले की शरीर त्यांच्यावर उलटते. गुण आणि विष येथे एकाच रेणूत असल्यामुळे, शोधन न केलेल्या फळाच्या अर्काचा जिवाणूरोधक गुण पाहताना त्याने जिवाणूंच्या थरात केवढे मोकळे वर्तुळ पाडले एवढेच मोजणारी चाचणी अपुरी ठरते. विटेच्या भुकटीतून निघालेले फळ रासायनिकदृष्ट्या निराळे द्रव्य असते, आणि वैद्य रोग्याला देत ते हे दुसरे. दोन्हींची विषारीपणासाठी शेजारी शेजारी परीक्षा व्हायलाच हवी. भारतीय औषध नियमांनी भल्लातकाला विषारी द्रव्यांच्या ई-1 अनुसूचीत घातले असून, त्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे.

फळाच्या आतली गोडंबी मात्र निर्धोक, पौष्टिक आणि महाग. ती काढण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यात दगडावर बिब्बे फोडणाऱ्या बायांची बोटे त्याच तेलाने काळी पडून सोलवटलेली असतात.