रोमन स्नानगृह : वर विरंगुळा, खाली भट्टी

उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरिया देशात, तिमगाद नावाच्या रोमन नगराचे अवशेष आहेत. सम्राट त्राजानने हे नगर इ.स. १०० मध्ये वसवले. तिथल्या मुख्य चौकातल्या फरसबंदीवर कुणीतरी लॅटिन भाषेत चार-सहा शब्द कोरून ठेवले आहेत. त्यांचा आशय असा, की शिकार करावी, आंघोळ करावी, खेळावे, हसावे; जगणे म्हणतात ते हेच.

शिकार, खेळ आणि हसणे आपण समजू शकतो. पण या यादीत आंघोळ कशी आली? आपल्याकडे आंघोळ हे सकाळी उरकायचे काम. रोमन माणसाला ती दिवसभराच्या कामानंतरची मौज वाटत होती.

रोमन करमणूक म्हटली की पाठ्यपुस्तकातले कलोसियम आणि ग्लॅडिएटर डोळ्यांसमोर येतात. पण थोडा हिशोब करू. कलोसियममध्ये अंदाजे ५० हजार माणसे मावत आणि ऐन वैभवाच्या काळात रोमची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. शिवाय तिथले खेळ वर्षातल्या ठरावीक दिवशीच होत. मग एरवी लोक काय करत? ते स्नानगृहात जात. चौथ्या शतकातल्या रोमच्या यादीत ८५६ लहान स्नानगृहे आणि ११ भव्य शाही स्नानगृहे नोंदलेली आहेत.

आठव्या तासाला

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा समान भाग करत. त्यामुळे त्यांचा तास ऋतूप्रमाणे लहानमोठा होई. रोममध्ये हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे ९ तासांचा, म्हणजे रोमन तास ४५ मिनिटांचा. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १५ तासांचा, म्हणजे तास ७५ मिनिटांचा. सहावा तास माध्यान्हीला संपे. स्नानाची नेहमीची वेळ आठव्या तासाला सुरू होई. आपल्या हिशोबाने हिवाळ्यात पाऊण वाजता आणि उन्हाळ्यात सव्वा वाजता. (आपल्या गावच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घेऊन विद्यार्थ्यांना हे गणित करता येईल.)

प्रवेशशुल्क अगदी कमी असे. रोममध्ये ते बहुधा एक क्वाड्रन्स, म्हणजे 'आस' या तांब्याच्या नाण्याचा चौथा भाग. पॉम्पेईतल्या एका मद्यालयाच्या भिंतीवर साध्या मद्याच्या पेल्याचा दर एक आस लिहिलेला आहे. एका पेल्याच्या पैशात चार वेळा स्नान!

आत गेल्यावर कपडे काढून ठेवायचे, अंगाला तेल लावायचे, अंगणात चेंडू खेळायचा किंवा वजने उचलायची. मग कोमट दालन, तिथून कढत दालन. घाम आला की धातूच्या वाकड्या खरवडणीने तेल, घाम आणि मळ खरवडून काढायचा आणि शेवटी गार पाण्यात डुबकी मारायची. मधल्या वेळात गप्पा, खाणे, सोंगट्या. पहिल्या शतकातला तत्त्वज्ञ सेनेका काही काळ अशाच एका स्नानगृहाच्या वर राहत होता. त्याच्या पत्रात तिथल्या गोंगाटाचे वर्णन आहे: वजने उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिशवाल्याच्या थापट्या, पकडलेल्या चोराचा आरडाओरडा, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या.

वेल्समधील कार्लियन इथल्या लष्करी स्नानगृहाच्या गटारातला गाळ पुरातत्त्वज्ञांनी तपासला. त्यात अंगठ्यांतून निखळलेले ८८ कोरीव खडे सापडले. गरम पाण्याने आणि वाफेने खडे बसवलेला डिंक सुटत असावा. त्याच गाळात केसांच्या पिना आणि मुलांचे दुधाचे दातही मिळाले. म्हणजे सैनिकांच्या या स्नानगृहात बायका-मुलेही येत होती.

जमीन तापवायची कशी?

या मौजेचा खरा कणा होता 'हायपोकॉस्ट', म्हणजे खालून तापवलेली जमीन. इ.स.पू. पहिल्या शतकातला वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने तिची रचना सांगितली आहे. तळावर विटांचे सुमारे दोन फूट उंचीचे खांब रचायचे, त्यांवर मोठ्या विटा आणि वर जाड फरशी. शेजारच्या भट्टीतले तप्त वायू या पोकळीतून फिरत. पुढच्या काळात भिंतींतही पोकळ चौकोनी नळ्या बसवू लागले. तप्त हवा हलकी असल्याने ती त्यांतून वर चढे आणि भिंतीही तापत. फरशीतून उष्णता वहनाने वर येई आणि तापलेल्या जमिनी-भिंती चहूबाजूंनी प्रारण करत. जाड फरशी सावकाश तापे, पण तितकीच सावकाश निवे. कढत दालनाचे तोंड नैर्ऋत्येला ठेवावे, असेही व्हिट्रुव्हियस सांगतो, कारण स्नानाची वेळ दुपारची असे आणि तेव्हा ऊन त्या बाजूने येते.

मात्र पाणी कसे शुद्ध ठेवावे, याचे ज्ञान तेव्हा नव्हते. आजारी माणसालाही वैद्य स्नान सुचवत. रोमन काळातल्या अवशेषांतील परजीवींच्या नोंदी एकत्र पाहणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्नानगृहे आणि शौचालये येऊनही जंत कमी झाल्याचे त्यात आढळले नाही.

भट्टीपाशी कोण?

पोर्तुगालमधल्या अल्जुस्त्रेल इथे रोमन काळी खाणी होत्या. तिथे १८७६ साली ब्राँझचा एक पत्रा सापडला. त्यावर खाणवस्तीचे नियम कोरलेले असून त्यांत स्नानगृहाच्या ठेक्याच्या अटी आहेत. सकाळपासून सातव्या तासापर्यंत स्त्रियांची वेळ, शुल्क एक आस. आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांची वेळ, शुल्क अर्धा आस. सैनिक आणि मुले यांना शुल्क नाही. खाणीच्या प्रशासनाकडे काम करणाऱ्या गुलामांनाही नाही. पाणी रोज तापलेले हवे आणि दर तीस दिवसांनी ब्राँझची भांडी धुऊन, पुसून त्यांना चरबी लावायला हवी. सोयीच्या वेळी पुरुष आणि दुप्पट शुल्काला स्त्रिया, हा भेद इथे नियमातच दिसतो.

पण पहाटेआधी लाकडे फोडणारे, भट्टी पेटवणारे आणि राख उपसणारे कोण होते? याचे उत्तर एका सरकारी पत्रव्यवहारात मिळते. इ.स. ११० च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा वायव्य भाग) अधिकारी धाकटा प्लिनी याने त्राजानला विचारले, की शिक्षा झालेले काही लोक शिक्षा न भोगता नगराच्या सेवेत आहेत, त्यांचे काय करावे? त्राजानने कळवले, की ज्यांच्या शिक्षेला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि जे म्हातारे झाले आहेत, त्यांना शिक्षेच्या जवळपास जाणारी कामे द्यावीत. अशी कामे कोणती, तर स्नानगृहात राबणे, गटारे उपसणे, रस्ते बांधणे. ज्या सम्राटाने तिमगाद वसवले, त्याच्याच लेखी स्नानगृहातले काम हे शिक्षेच्या पंक्तीतले होते. वरच्यांना मौज, खालच्यांना सजा, आणि दोहोंमध्ये एक जाड फरशी.

रोमन स्नानगृह गरिबालाही परवडत होते, हे खरेच आहे. प्राचीन जगात अशी सोय फार थोड्या ठिकाणी होती. पण ते स्वस्त होण्यामागे श्रीमंतांच्या देणग्या आणि सरकारी खर्च जसा होता, तसे गुलामांचे आणि कैद्यांचे फुकटचे श्रमही होते. वर्गात हा पाठ घेताना हायपोकॉस्टचा आडवा छेद फळ्यावर जरूर काढावा. विद्यार्थी वरच्या दालनात माणसे काढतील. त्यांना भट्टीच्या तोंडाशीही एक माणूस काढायला सांगावे आणि त्याचा दिवस कसा जात असेल, ते लिहायला लावावे.